लॅटिन भाषेची सहावी विभक्ति आणि आपली प्रार्थना



आपल्या देवळाच्या मुख्य दारावरील शिळेवर बांधकामाचें साल कोरलेलें आहे, आणि त्या सालापूर्वीं ‘ए. डी.’ अशीं दोन रोमन अक्षरें आहेत. शंभर वर्षें आपण त्या शिळेखालून आंत जात आहों व बाहेर येत आहों. या शतकमहोत्सवाच्या निमित्तानें ती शिळा घासून स्वच्छ केली, तेव्हां धर्मशिक्षणाच्या वर्गांतील एका मुलीनें आम्हांस त्या अक्षरांचा अर्थ विचारिला. “आन्नो दोमिनि, म्हणजे प्रभूच्या वर्षीं,” असें आम्हीं सांगितलें. मुलगी चौकस होती. “मग फादर, लॅटिनमध्यें वर्षाला आन्नो म्हणतात काय?” असा तिनें पुन्हा प्रश्न केला. “नाहीं बाळ, वर्ष म्हणजे आन्नुस. आन्नो म्हणजे वर्षीं.” तिचें समाधान झालें, आमचें मात्र झालें नाहीं. त्या एका ओकारामागें केवढा इतिहास आहे, तो कोणीतरी सांगितला पाहिजे, असें मनानें घेतलें, आणि त्यांतून हा लेख निघाला.

महोत्सवाच्या स्मरणिकेंत व्याकरणाचा विषय पाहून कित्येक वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील, हें आम्ही जाणून आहों. देवळाचा पाया कोणीं घातला, घंटा कोणीं दिली, कोणकोणते धर्मगुरु येऊन गेले, हें येथें वाचावयास मिळावें अशी सर्वांची अपेक्षा असते. तो वृत्तांत या अंकांत अन्यत्र आलाच आहे. परंतु देवळाच्या भिंतींप्रमाणें त्या भिंतींच्या आंत उच्चारल्या गेलेल्या शब्दांनाहि इतिहास असतो. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनें ता. ४ डिसेंबर १९६३ रोजीं उपासनेविषयींचा आदेश प्रसिद्ध करून लोकभाषांस वेदीची वाट मोकळी करून दिली. तोंपर्यंत आपल्या आजा-पणजांचा मिस्सा लॅटिन भाषेंत होत असे. ते शब्द त्यांस कळत होते काय? पुष्कळ अंशीं नाहीं. मग त्या न कळलेल्या शब्दांचें काय झालें? हा प्रश्न आम्हांस पंचवीस वर्षांपूर्वीं एका वृद्ध गृहस्थांनीं निराळ्या शब्दांत घातला होता, आणि त्यास आम्हीं दिलेलें उत्तर अपुरें होतें. त्या उण्याची भरपाई करावी, हाहि या लेखाचा एक हेतु आहे.

त्या वेळीं आम्हांस गुरुदीक्षा मिळून फार वर्षें झालीं नव्हतीं, व आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामांत सहायक होतों. तेथील एक वृद्ध गृहस्थ अंथरुणास खिळले होते. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारीं आम्ही त्यांस ख्रिस्तशरीर देण्यास जात असूं. लहानपणीं ते वेदीसेवक होते. जुन्या मिस्सांत प्रभूनें शिकविलेली प्रार्थना धर्मगुरु एकटेच लॅटिनमध्यें म्हणत, आणि तिचें शेवटचें वाक्य तेवढें वेदीसेवकांच्या अथवा गायकांच्या वांट्यास येई. त्या वाक्याचे अखेरचे शब्द ‘आ मालो’ असे आहेत. एके दिवशीं ते आम्हांस म्हणाले, “फादर, हा मालो कोण हो? लहानपणापासून मी देवाला सांगत आलों, मालोपासून सोडव म्हणून. मला आपलें वाटायचें, सैतानाचेंच तें नांव असणार.”

आम्हांस हंसूं आलें. आम्ही म्हणालों, “नाहीं आजोबा, मालो हें कोणाचें नांव नव्हे. मालुम म्हणजे वाईट, आणि आ मालो म्हणजे वाइटापासून. ती लॅटिनची एक विभक्ति आहे.”

ते कांहीं वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “असेल, फादर. तुम्ही शिकलेले. मी मात्र सैतान समजूनच म्हणत होतों.”

पुढल्या पावसाळ्यांत ते प्रभूकडे गेले. आमचें उत्तर कोठें उणें पडलें, तें शेवटीं सांगूं. कारण तें समजण्यास आधीं या विभक्तीचें कुळ व मूळ पाहिलें पाहिजे.

लॅटिन भाषेंत, आपल्या मराठीप्रमाणेंच, नामाचें वाक्यांतील काम त्याच्या शेवटावरून कळतें. आपण ‘घर’ या शब्दास प्रत्यय लावून घरास, घरानें, घराहून, घराचा, घरांत असें म्हणतों. रोमन मनुष्य शब्दाचा शेवटच बदलीत असे. ‘दोमिनुस’ म्हणजे प्रभु, ‘दोमिनि’ म्हणजे प्रभूचा, कर्म असतां ‘दोमिनुम’, आणि ‘दोमिनो’ हें, इतर एका कामाबरोबर, आमच्या सहाव्या विभक्तीचेंहि रूप. इंग्रजीवर वाढलेल्या विद्यार्थ्यास हा प्रकार अवघड वाटतो. मराठी मुलास तो परका वाटण्याचें कारण नाहीं. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचें मराठी व्याकरण १८३६ सालीं छापून निघालें, आणि आपल्या शाळांतून मुलांच्या कित्येक पिढ्या प्रथमा, द्वितीया, तृतीया घोकीत वाढल्या.

रोमन लोकांनीं व्याकरणशास्त्र ग्रीकांपासून घेतलें. ग्रीक भाषेंत विभक्ति पांच. त्या पांचांची नांवें रोमनांनीं भाषांतर करून घेतलीं. परंतु स्वतःच्या भाषेंत त्यांस आणखी एक विभक्ति आढळली, जिला ग्रीकांत जोड नव्हती. ख्रिस्तपूर्व ११६ ते २७ या काळांत होऊन गेलेला महापंडित मार्कुस तेरेंतियुस वारो यानें लॅटिन भाषेवरील आपल्या ग्रंथांत तिला ‘सहावी’ व खास ‘लॅटिन’ अशी विभक्ति म्हटलें आहे. पुढें तिला ‘आब्लातिवुस’ हें नांव रूढ झालें. ‘आब्लातुस’ म्हणजे उचलून दूर नेलेला. जेथून कांहीं दूर नेलें जातें तें स्थान दाखविणारी विभक्ति, असा त्या नांवाचा आशय; म्हणजे साधारणपणें आपली पंचमी.

परंतु नांव अपुरें पडलें. आपल्या शिळेवरील ‘आन्नो’ हें याच विभक्तीचें रूप आहे, आणि तेथें ‘वर्षापासून’ असा अर्थ मुळींच नाहीं. रोमनांतील थोर शिक्षक क्विंतिलियन यानें सुमारें इ. स. ९५ मध्यें वक्तृत्वशास्त्रावर जो ग्रंथ लिहिला, त्यांत ही अडचण त्यानें स्पष्ट मांडली आहे. भाल्यानें प्रहार केला असें म्हणतांना ‘भाल्यानें’ या अर्थीं लॅटिनमध्यें हीच विभक्ति येते. पण भाल्यापासून येथें दूर कांहींच नेलेलें नाहीं. मग लॅटिन भाषेंत एखादी सातवी विभक्ति लपलेली आहे काय, याचा व्याकरणशिक्षकानें शोध करावा, असें तो सुचवितो. शंका रास्त होती. उत्तर मात्र रोममध्यें सांपडण्यासारखें नव्हतें. तें हिंदुस्थानांत होतें.

क्विंतिलियनाच्या कित्येक शतकें आधीं पाणिनीनें या अर्थांची वेगवेगळी मोजणी करून ठेविली होती. एखादी वस्तु दूर जात असतां जें स्थिर राहतें तें अपादान. क्रिया सिद्धीस नेण्याचें मुख्य साधन तें करण. आणि क्रियेचा आधार तें अधिकरण. अपादानाची पंचमी, करणाची तृतीया, अधिकरणाची सप्तमी. संस्कृतांत या तिघींची एकवचनीं रूपें बहुधा निरनिराळीं आहेत: देवात्, देवेन, देवे. लॅटिनमध्यें तिन्ही अर्थांस ‘देओ’ हें एकच रूप.

या दोन भाषांची सोयरीक युरोपास कशी कळली, त्या कथेंत आपणां मराठी ख्रिस्ती जनांस अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. ‘ख्रिस्तपुराणा’चे कर्ते, येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स हे १५७९ सालीं गोव्यास आले. १५८३ सालीं आपल्या बंधूस लॅटिनमध्यें लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं नमूद केलें कीं, या देशांतील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन यांच्याशीं मिळतीजुळती आहे. १७६७ सालीं पुद्दुचेरीहून फादर केर्दू या दुसऱ्या येशूसंघीय धर्मगुरूंनीं फ्रान्समधील विद्वानांस संस्कृत व लॅटिन यांच्या साम्याविषयीं लिहून कळविलें. १७८६ सालीं सर विल्यम जोन्स यांनीं कलकत्त्यास आपल्या प्रसिद्ध व्याख्यानांत, या भाषा एकाच मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात असें प्रतिपादन केलें. आणि १८३३ पासून फ्रान्झ बोप या जर्मन पंडितानें तौलनिक व्याकरणाचे खंड प्रसिद्ध करून तें सविस्तर दाखविलें.

निष्कर्ष असा कीं, संस्कृत, लॅटिन, ग्रीक इत्यादि भाषांच्या त्या आदिमातेस आठ विभक्ति होत्या. संस्कृतानें त्या आठहि राखिल्या. लॅटिनमध्यें पंचमी, तृतीया व सप्तमी या तिघी हळूहळू एका छपराखालीं आल्या. ग्रीकांनीं निराळी वांटणी केली: पंचमीचें काम षष्ठीकडे गेलें, आणि तृतीया व सप्तमी यांचें काम चतुर्थीकडे. अशी सरमिसळ होण्यास आश्चर्य नको. खुद्द संस्कृतांतहि ‘देवेभ्यः’ हें एकच रूप चतुर्थी व पंचमी या दोहोंच्या बहुवचनीं चालतें. उच्चार झिजतात, शेवट सारखे होतात, आणि अर्थ शेजारशेजारचे असले म्हणजे एक रूप दुसऱ्याचें काम करूं लागतें.

जुन्या रूपाची एक खूण आजहि पाहावयास मिळते. ख्रिस्तपूर्व २९८ मध्यें रोमचा कॉन्सल असलेला स्किपिओ बार्बातुस याची दगडी शवपेटिका व्हॅटिकनच्या संग्रहालयांत आहे. तिच्यावरील लेखांत, तो आपल्या ग्नाएउस नामक पित्यापासून जन्मला, हें सांगतांना ‘ग्नाइवोद’ असें रूप कोरलें आहे. त्या रूपाच्या शेवटचा ‘द’ आणि आपल्या ‘देवात्’ मधील ‘त्’ हे एकाच कुळांतले. पुढें बोलण्यांतून तो ‘द’ गळाला, आणि नुसता दीर्घ ‘ओ’ उरला. आपल्या शिळेवरील ‘ए’ या अक्षरामागें जो शब्द आहे, त्याचा ओकार ही त्या कुटुंबाची आजची मिळकत.

तेव्हां ही विभक्ति ओळखण्याची रीति सोपी आहे. रूप दिसलें कीं तीन प्रश्न विचारावेत: कोठून? कशानें किंवा कोणाबरोबर? कोठें किंवा केव्हां? तिघींपैकीं जी बहीण घरांत असेल ती उत्तर देईल. सेमिनरींत आम्हीं या विभक्तीच्या उपयोगांची लांबलचक यादी पाठ केली होती; त्या यादींतील बहुतेक उपयोग या तीन प्रश्नांतच सामावतात, हें समजण्यास मात्र आम्हांस पुष्कळ वर्षें लागलीं. आपल्या प्रार्थनांतूनच उदाहरणें पाहूं.

पहिला प्रश्न, कोठून? श्रद्धेच्या अंगीकारांत आपण म्हणतों कीं, प्रभु पवित्र आत्म्याच्या योगें कुमारी मारियेपासून देहधारी झाला. तेथें लॅटिनमध्यें ‘दे स्पिरितु सांक्तो’ आणि ‘एक्स मारिया’ असे शब्द आहेत. ‘दे’ व ‘एक्स’ हीं दोन्हीं शब्दयोगी अव्ययें याच विभक्तीचा हात धरून चालतात. ग्रीक मूळांत आत्मा व कुमारी या दोघांस मिळून एकच अव्यय आहे. लॅटिन मंडळींनीं तेथें दोन निरनिराळीं अव्ययें घालून आत्म्याचें कार्य व मातेचें कार्य यांतील भेद राखिला. मारिया हें नांव येथें मूळ रूपासारखेंच दिसतें. प्राचीन उच्चारांत शेवटचा स्वर तेवढा लांबत असे, आणि त्या लांबीवरच विभक्ति उभी होती.

दुसरा प्रश्न, कशानें व कोणाबरोबर? धर्मगुरु वेदीपासून लोकांकडे वळून ‘वोबिस्कुम’ म्हणत, तें आपल्या वडीलधाऱ्या मंडळींस अजून आठवत असेल. ‘वोबिस’ हें ‘तुम्ही’ याचें सहाव्या विभक्तीचें रूप, आणि ‘कुम’ म्हणजे बरोबर. इतर नामांच्या आधीं येणारा हा ‘कुम’ सर्वनामाच्या मात्र मागें लागतो, अगदीं आपल्या ‘तुम्हांबरोबर’ सारखा. देवदूतानें मारियेस केलेल्या वंदनांतील ‘तेकुम’ याच जातीचा: तुझ्याबरोबर.

तिसरा प्रश्न, कोठें व केव्हां? ‘इन चेलिस’ म्हणजे स्वर्गांत, ‘इन नोमिने’ म्हणजे नांवानें किंवा नांवांत, आणि ‘आन्नो’ म्हणजे वर्षीं. जुन्या सप्तमीचे स्वतंत्र अवशेषहि कोठें कोठें उरले आहेत. ‘दोमि’ म्हणजे घरीं. ‘रोमे’ म्हणजे रोममध्यें, आणि परमगुरूंच्या लॅटिन पत्रांच्या शेवटीं स्थळ सांगतांना हें रूप अजून येतें.

याच तिसऱ्या दालनाजवळ एक विशेष प्रयोग आहे. परमगुरूंचे देहावसान झाल्यापासून नव्या परमगुरूंची निवड होईपर्यंतच्या काळास ‘सेदे वाकान्ते’ म्हणतात: आसन रिकामें असतां. इ. स. २०२५ मध्यें पोप फ्रान्सिस ता. २१ एप्रिल रोजीं निवर्तले व पोप लिओ चौदावे ता. ८ मे रोजीं निवडले गेले. मधल्या त्या दिवसांत हे दोन शब्द वर्तमानपत्रांतूनहि झळकले. दोन्ही शब्द सहाव्या विभक्तींत आहेत, आणि उरलेल्या वाक्याशीं त्यांचा संबंध केवळ प्रसंग सांगण्यापुरता. संस्कृत शिकलेले वाचक येथें सति सप्तमी लगेच ओळखतील. मराठींत आपण ‘असतां’ म्हणून तेंच काम भागवितों.

‘इन’ या अव्ययाविषयीं एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. तें सहाव्या विभक्तीबरोबर आलें, तर ‘आंत असणें’ असा अर्थ होतो. कर्माच्या विभक्तीबरोबर आलें, तर ‘आंत जाणें’ असा होतो. श्रद्धेच्या अंगीकाराच्या आरंभीं ‘देवावर विश्वास ठेवितों’ या अर्थीं ‘इन देओ’ नाहीं, ‘इन देउम’ आहे. अंगीकार म्हणतांना आपण देवाच्या दिशेनें चालत असतों. तेथें पोंचून स्वस्थ बसलेले नसतों. संत अगस्तीन यांनीं योहानाच्या शुभवर्तमानावरील प्रवचनांत देवावर विश्वास ठेवणें म्हणजे विश्वासानें त्याच्याकडे जाणें, असा अर्थ उलगडून दाखविला आहे. एका विभक्तीच्या फरकांत केवढा उपदेश!

आतां दुःखाची गोष्ट. या विभक्तीच्या एका रूपाभोंवतीं पूर्व व पश्चिम ख्रिस्तसभेंत मोठा वाद पेटला. तें रूप ‘फिलिओक्वे’, म्हणजे ‘आणि पुत्रापासून’. पवित्र आत्मा पित्यापासून निघतो, असें मूळ ग्रीक अंगीकारांत आहे. लॅटिन अंगीकारांत ‘एक्स पात्रे’ याच्यापुढें हा एक शब्द पश्चिमेंत वाढविला गेला. रोममध्यें तो १०१४ पासून मिस्सांत गाइला जाऊं लागला. ‘फिलिओ’ हें सहाव्या विभक्तीचें रूप, आणि आधींच्या ‘एक्स’चा अंमल त्याच्यावरहि चालतो. ग्रीक क्रियापद आदिकारणापासून निघणें एवढेंच दाखवितें. लॅटिन क्रियापदाचा अर्थ त्याहून विस्तृत आहे. जें लॅटिन कानास सरळ वाटलें, तें ग्रीक कानास पाखंड वाटलें. १०५४ च्या फाटाफुटीस अनेक कारणें होतीं. त्यांत हा शब्दहि होता. १९९५ सालीं व्हॅटिकनच्या ख्रिस्तैक्य परिषदेनें खुलासा प्रसिद्ध करून या दोन क्रियापदांचा भेद समजावून दिला, आणि पिता हाच एकमेव आदिस्रोत आहे हें पुन्हा स्पष्ट केलें. एकमेकांचें व्याकरण समजून घेण्याची सबुरी आधींच असती, तर कदाचित् कांहीं कटु शब्द टळले असते.

या विभक्तीचा शेवटहि सांगितला पाहिजे. रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळीं बोलण्यांत स्वरांची लांबी हरपली, शब्दान्तींचे ध्वनि गळाले, आणि विभक्तींचीं रूपें एकमेकांपासून ओळखूं येईनाशीं झालीं. मग ‘दे’ सारख्या अव्ययांवर सर्व भार पडला. पोर्तुगीज, इटालियन, फ्रेंच या लॅटिनच्या लेकींत नामांची ही विभक्ति उरलीच नाहीं. अव्ययें तेवढीं उरलीं. त्यांतील एक आपल्या दाराशीं आलें. १५३४ पासून १७३९ पर्यंत वसई पोर्तुगीजांकडे होती, आणि त्या काळापासून आपल्या लोकांत जीं आडनांवें चालत आलीं, त्यांतील डिमेलो व डिसोझा यांच्या आरंभींचा ‘डि’ म्हणजे तोच लॅटिन ‘दे’. मेलोचा, सोझाचा, पूर्वीं ‘पासून’, मागाहून ‘चा’. सहावी विभक्ति गेली. तिची काठी आपल्या कित्येक घरांच्या दारांत उभी आहे.

रूपें अशीं विस्कटत असतां इ. स. ७४६ मध्यें एक प्रकरण परमगुरूंपर्यंत गेलें. बव्हेरिया प्रांतांतील एक धर्मगुरु स्नानसंस्कार देतांना लॅटिनच्या अज्ञानामुळें ‘पात्रिस’ या जागीं ‘पात्रिया’ आणि ‘फिलिइ’ या जागीं ‘फिलिया’ म्हणत असे. शब्दशः पाहिलें तर पित्याच्या जागीं मायभूमि व पुत्राच्या जागीं कन्या! जर्मनांचे प्रेषित संत बोनिफास यांनीं अशा लोकांस पुन्हा स्नानसंस्कार द्यावा असें ठरविलें. त्याच प्रांतांतील विर्जिल व सिदोनियुस या दोघां धर्मसेवकांनीं परमगुरु झकारिया यांजकडे दाद मागितली. परमगुरूंनीं निवाडा दिला कीं, त्या धर्मगुरूनें पाखंड शिकविलेलें नाहीं, केवळ भाषेच्या अज्ञानानें चूक केली आहे. सबब पुन्हा संस्कार करूं नये. विभक्ति चुकली, कृपा चुकली नाहीं.

हा निवाडा वाचतांना आम्हांस त्या वृद्ध वेदीसेवकाची आठवण होते. तेथें तर भक्ताचें व्याकरण चुकलेंहि नव्हतें. ‘आ मालो’ यांतील ‘मालो’ हें रूप दोन शब्दांपासून होऊं शकतें. ‘मालुम’ हा नपुंसकलिंगी शब्द घेतला, तर अर्थ ‘वाइटापासून’. ‘मालुस’ हा पुल्लिंगी घेतला, तर अर्थ ‘त्या दुष्टापासून’. सहाव्या विभक्तींत दोघांचें रूप एकच. शुभवर्तमानाच्या ग्रीक मूळांतहि हाच दुटप्पीपणा आहे, आणि मराठींतील ‘वाइटापासून’ या रूपावरूनहि वाईट गोष्ट कीं वाईट व्यक्ति, हें ठरत नाहीं. १९९२ सालीं पोप जॉन पॉल दुसरे यांनीं प्रसिद्ध केलेल्या कॅथोलिक धर्मशिक्षण-ग्रंथांत या प्रार्थनेचें विवेचन आहे. त्याच्या २८५१ व्या परिच्छेदांत स्पष्ट सांगितलें आहे कीं, येथें वाईट म्हणजे नुसती कल्पना नव्हे. ती एक व्यक्ति आहे, तो सैतान होय. हा ग्रंथ त्या दिवशींहि आमच्या कपाटांत होता. आम्हीं तो परिच्छेद वाचिला तो त्या गृहस्थांच्या दफनानंतर बऱ्याच दिवसांनीं. ज्यांनीं लॅटिनचें एक अक्षर शिकलें नव्हतें, त्यांनीं आयुष्यभर बरोबर अर्थानें प्रार्थना केली. आणि ज्यांनीं शिकलें होतें, त्यांनीं अर्ध्या विद्येच्या भरांत त्यांस दुरुस्त केलें. त्यांची क्षमा मागण्यास आम्ही त्यांच्या थडग्यापाशीं गेलों होतों, हें येथें लिहून ठेवितों.

यावरून व्याकरण निरुपयोगी आहे, असा अर्थ कोणी काढूं नये. आमची चूक व्याकरण जाणल्यानें झाली नाहीं; अर्धवट जाणल्यानें झाली. पुरतें जाणिलें असतें, तर त्यांच्या प्रश्नांतील शहाणपण आम्हांस तेथल्या तेथें दिसलें असतें. पूर्वजांनीं जे शब्द न कळतां जपले, ते आपण कळून घ्यावेत. आणि ते कळूं लागले म्हणजे न कळतां जपणाऱ्यांस हंसूं नये. ज्यांच्या घरीं जुन्या लॅटिन प्रार्थना मुखोद्गत असलेलीं वृद्ध माणसें अद्याप आहेत, त्यांनीं ते शब्द, जसे म्हटले जातात तसेच, टिपून ठेवावेत. उच्चार मोडका असला तरी चालेल. त्या मोडक्या उच्चारांतहि कोठूनसा तीन भगिनींचा आवाज ऐकूं येईल.

आणि आपण या महोत्सवाच्या दिवशीं देवळांत शिराल, तेव्हां क्षणभर मान वर करून त्या शिळेकडे पाहा. वर्षीं, आणि तेंहि प्रभूच्या. गेलीं शंभर वर्षें त्याचीं होतीं, आणि पुढलींहि त्याचींच आहेत. ज्याच्यापासून आपण आलों, ज्याच्याबरोबर चालतों व ज्याच्या ठायीं विसांवा घेणार, त्या प्रभूनें या धर्मग्रामांतील लहानथोर सर्वांस त्या दुष्टापासून राखावें, हीच त्याच्या चरणीं आमची नम्र विनंति. आमेन.